ध्रुवीय भरतीचा मागोवा : राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राची पंचवीस वर्षे

पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल नदी जिथे अरबी समुद्राला मिळते तिथे केरी हे गाव आहे. पलीकडच्या काठावर तेरेखोलचा किल्ला, मध्ये नदीचे रुंद मुख आणि ये-जा करणारी फेरीबोट. या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्याला तिथी सांगितली की भरतीची वेळ कळते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते, हा कोकणपट्टीचा जुना ढोबळ हिशोब. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग सरकते, हे त्या हिशोबाचे मूळ. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, अष्टमीच्या सुमाराचे भांग, खाजन शेतीच्या बांधातली भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारी मानशीची दारे, आगरवाड्याची मिठागरे : गोव्याचा संसार भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

याच गोव्यातून भारताचे ध्रुवीय संशोधन सुरू झाले आणि त्याचा संसार आजही वास्कोच्या हेडलँड सड्यावरून चालतो. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राला 25 मे 2023 रोजी पंचवीस वर्षे पूर्ण झाली. रौप्यमहोत्सवी वर्षाच्या निमित्ताने केंद्राच्या वाटचालीचा हा आढावा घेताना एक धागा मुद्दाम हाती धरला आहे : ध्रुवीय समुद्राची भरती-ओहोटी आणि तिचे मापन. केंद्राचे काम हवामान, भूशास्त्र, हिमशास्त्र, जीवशास्त्र अशा अनेक शाखांत पसरलेले आहे. परंतु एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन मोजत राहणे हा या सर्व कामाचा जो गाभा आहे, तो भरतीच्या मापनात सर्वांत स्पष्ट दिसतो.

पूर्वपीठिका : 1980 पूर्वी

भारताच्या किनाऱ्यावर भरतीच्या शास्त्रशुद्ध नोंदींची परंपरा जुनी आहे. मुंबईत अपोलो बंदरावर 1878 पासून समुद्रपातळीची नोंद होत आहे आणि जगातील दीर्घ नोंदींमध्ये तिची गणना होते. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन बेर्ड यांनी त्या काळी बंदरोबंदरी भरतीमापक बसवले. भारतीय बंदरांच्या भरतीचे भाकीत करण्यासाठी 1879 मध्ये इंग्लंडमध्ये खास यंत्र तयार करण्यात आले. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीमुळे उठणाऱ्या अनेक लहानमोठ्या लाटांची बेरीज दाते आणि कप्प्या फिरवून करणारे ते यंत्र होते.

भरतीच्या नोंदीतून या लाटा वेगळ्या काढण्याची पद्धत बसवण्यात जॉर्ज डार्विन यांचा वाटा मोठा. त्यांनीच पुढे 'डिस्कव्हरी' जहाजाच्या अंटार्क्टिक मोहिमेतील भरतीच्या नोंदींचे पृथक्करण केले. अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रात तिथीचा हिशोब लागू पडत नाही. तिथे बऱ्याच भागात दिवसातून एकच भरती येते आणि तिची उंची चंद्राच्या कलेपेक्षा त्याच्या क्रांतीवर, म्हणजे तो विषुववृत्तापासून किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे त्यावर ठरते. उलट वेडेल समुद्राच्या दक्षिण टोकाला, जाड बर्फाखाली, पाणी कित्येक मीटर वरखाली होते. ध्रुवाजवळची भरती आपल्या अनुभवावरून ताडता येत नाही, ती तिथे जाऊनच मोजावी लागते, हे या सुरुवातीच्या नोंदींनी दाखवून दिले.

उत्तरेकडेही तोच धडा मिळाला. अमेरिकेचे रोलिन हॅरिस यांनी 1904 मध्ये आर्क्टिकच्या काठावरील भरतीच्या थोड्या नोंदींवरून तर्क केला की ध्रुवाजवळ मोठा भूभाग असला पाहिजे. पुढील मोहिमांत आणि विमानफेऱ्यांत असा भूभाग आढळला नाही. तर्क चातुर्याचा होता, पण त्याला पुरेशा मापनाचा आधार नव्हता.

गोव्यातील समुद्रविज्ञानाचा पाया 1 जानेवारी 1966 रोजी स्थापन झालेल्या संस्थेने घातला. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या अनुभवातून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एनआयओ, स्थापन झाली. डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. दोनापावलाच्या टेकडीवर स्थिरावलेल्या या संस्थेने समुद्रावर काम करणारी माणसे घडवली, उपकरणे बनवणारे हात घडवले. मांडवी आणि जुवारीची भरती आत पन्नासेक किलोमीटरपर्यंत कशी चढते याचा अभ्यास याच संस्थेत झाला, वेरे येथील समुद्रपातळीमापकही याच संस्थेने चालवला. ध्रुवीय केंद्राची पहिली पिढी या संस्थेच्या अंगणात वाढली, हे ऋण आरंभीच नोंदवणे उचित होय.

1981 ते 1990 : तरंगत्या बर्फावरचे घर

जुलै 1981 मध्ये केंद्र सरकारने महासागर विकास विभाग स्थापन केला. एनआयओचे माजी संचालक डॉ. सय्यद झहूर कासीम हे त्याचे सचिव झाले आणि पहिल्या अंटार्क्टिक मोहिमेचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले. 6 डिसेंबर 1981 रोजी 'पोलर सर्कल' हे भाड्याने घेतलेले नॉर्वेचे जहाज 21 सदस्यांना घेऊन मुरगाव बंदरातून निघाले. 9 जानेवारी 1982 रोजी भारतीय चमू अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरला आणि 21 फेब्रुवारीला जहाज गोव्यात परतले. बर्फाचा अनुभव जवळजवळ नसलेल्या देशाने पहिल्याच फेरीत हे साधले. त्यामागे शास्त्रज्ञ, नौदल आणि गोव्यातील तयारी करणारे सर्व हात होते.

दुसरी मोहीम भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांच्या नेतृत्वाखाली गेली. तिसऱ्या मोहिमेत डॉ. हर्ष गुप्ता यांच्या चमूने 1983-84 च्या उन्हाळ्यात 'दक्षिण गंगोत्री' हा पहिला कायम तळ उभारला. त्या वर्षी लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मा यांच्यासह बारा जणांनी तिथे पहिला भारतीय हिवाळा काढला. त्याआधी 19 ऑगस्ट 1983 रोजी भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला होता आणि 12 सप्टेंबर 1983 रोजी त्याला सल्लागार देशाचा दर्जा मिळाला होता. तळ उभारून दाखवल्याने तो दर्जा अधिक बळकट झाला.

दक्षिण गंगोत्री आइस शेल्फवर होती. आइस शेल्फ म्हणजे किनाऱ्यावरील हिमस्तराचा समुद्रात पुढे सरकलेला, पाण्यावर तरंगणारा भाग. त्याची जाडी शेकडो मीटर असली तरी तो भरतीबरोबर उचलला जातो आणि ओहोटीबरोबर खाली बसतो. म्हणजे भारताचे अंटार्क्टिकावरील पहिले घर समुद्राच्या भरतीवर उभे होते. आत राहणाऱ्याला ते कळत नसे, कारण पायाखालची सारी जमीनच एकत्र हलत होती. शेल्फच्या काठाला लागलेले जहाजही तेवढेच वरखाली होई. त्यामुळे एरवी बंदरात माल उतरवताना घ्यावी लागणारी भरतीची काळजी इथे कमी असे.

खरी अडचण आत, जमिनीकडे जाताना येते. तरंगते बर्फ जिथे जमिनीवर टेकलेल्या बर्फाला मिळते, तिथे प्रत्येक भरतीला बर्फ वाकते आणि प्रत्येक ओहोटीला पुन्हा वाकते. या पट्ट्यात भेगा पडतात, हिवाळ्यात त्यांवर बर्फाचे पातळ आच्छादन बसते. माल घेऊन जाणाऱ्या वाहनांच्या ताफ्याला ही जागा ओळखून जावे लागते. मोहिमेच्या चालकांनी आणि सैनिकांनी ही विद्या बर्फावर राहून मिळवली.

सहाव्या मोहिमेचे नेतृत्व एनआयओचे डॉ. अरुण परुळेकर यांनी 1986-87 मध्ये केले. या मोहिमांतून सागरी जीव, समुद्राचे तापमान, क्षारता आणि प्रवाह यांच्या नोंदी जमा होऊ लागल्या. दक्षिण गंगोत्री मात्र दर हिवाळ्यात बर्फाखाली गाडली जात होती. म्हणून शिरमाखर ओॲसिसच्या खडकाळ भूमीवर 'मैत्री' हा नवा तळ उभा राहिला. तो 1989 पासून आजपर्यंत कार्यरत आहे. दक्षिण गंगोत्रीला 1990 मध्ये निरोप देण्यात आला.

1991 ते 2000 : मैत्रीची वर्षे आणि केंद्राची स्थापना

मैत्री तळ शेल्फच्या काठापासून सुमारे 100 किलोमीटर आत आहे. पिण्याचे पाणी शेजारच्या प्रियदर्शिनी तळ्यातून येते. इतक्या आत समुद्राचा संबंध संपला असे वाटावे, पण तसे नाही. शिरमाखर ओॲसिसच्या उत्तर कडेला काही तळी अशी आहेत की त्यांचे पाणी आइस शेल्फच्या खालून समुद्राशी जोडलेले आहे. वर गोडे पाणी, तळाशी शेल्फखालून समुद्राचा संपर्क. परिणामी उघडा समुद्र कुठेही दृष्टीस पडत नसताना या तळ्यांची पातळी समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली समुद्र किती खोलवर पोचला आहे, याचा याहून सोपा पुरावा नाही.

या दशकात मोहिमांना शिस्त आली. बाराव्या मोहिमेचे नेतृत्व 1992-93 मध्ये एनआयओचे डॉ. व्ही. के. धारगळकर यांनी केले. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण, हवामान खाते, नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था, भारतीय सर्वेक्षण खाते, संरक्षण संशोधन संघटना अशा संस्थांचे लोक वर्षानुवर्षे मैत्रीवर जाऊ लागले. मोहीम म्हणजे वर्षभराचा संसार गोव्यात बांधून पाठवणे. दक्षिणेचा उन्हाळा नोव्हेंबर ते मार्च एवढाच. त्या मुदतीत जहाज गेले नाही तर वर्ष वाया जाते. अन्नधान्य, इंधन, औषधे, यंत्रांचे सुटे भाग, सर्व काही आधी ठरवावे लागते. मुरगाव बंदरातील कामगारांपासून तळावरील स्वयंपाक्यांपर्यंत सर्वांचा या व्यवस्थेत वाटा आहे.

इतक्या मोठ्या कामाला स्वतंत्र घर हवे होते. गोव्यातील अंटार्क्टिक अभ्यास केंद्राच्या कल्पनेतून ते साकार झाले आणि 25 मे 1998 रोजी राष्ट्रीय अंटार्क्टिक आणि महासागर संशोधन केंद्र स्वायत्त संस्था म्हणून स्थापन झाले. डॉ. प्रेमचंद पांडे हे संस्थापक संचालक. वास्कोच्या हेडलँड सड्यावर, मुरगाव बंदराच्या माथ्यावर, केंद्र उभे राहिले. जागा समर्पक होती. मोहिमेचे सामान जिथून जहाजावर चढते, त्याच्याच वर मोहिमेचे कार्यालय आले.

केंद्रासमोर पहिला प्रश्न होता तो सातत्याचा. मोहिमेत माणसे बदलत, उपकरणे बदलत, नोंदींच्या पद्धती बदलत. आता नोंदी एका ठिकाणी साठवणे, पुढच्या चमूला मागच्याचे काम समजावून देणे, अर्धवट राहिलेले काम पुढील वर्षी पुरे करणे शक्य झाले. बाहेरून पाहणाऱ्याला ही व्यवस्था फार दिसत नाही, पण पंचवीस वर्षांच्या वाटचालीचा तोच कणा आहे.

ध्रुवीय समुद्रात भरती मोजताना हे सातत्य का लागते, ते समजून घेण्यासारखे आहे. केरीसारख्या किनाऱ्यावर पाण्यात खुणा केलेला खांब रोवून ठरावीक वेळाने पातळी वाचता येते. नळीतला तरंगक किंवा वरून लहरी सोडणारा रडार मापकही चालतो. ध्रुवीय किनाऱ्यावर खांबाभोवती बर्फ गोठते आणि भरतीबरोबर वर उचलले जाताना खांबच उपटते. नळीत बर्फ होते. हिमनग तळ खरवडत जातात. म्हणून मापक बर्फाच्या खाली, समुद्राच्या तळाशी ठेवावा लागतो. तिथे तो वरच्या पाण्याचा दाब मोजतो. पाणी एक सेंटिमीटर चढले की दाब सुमारे एक हेक्टोपास्कल वाढतो. पण त्या दाबात हवेचाही दाब मिसळलेला असतो. तो वेगळा काढण्यासाठी किनाऱ्यावर वायुभारमापक लागतो. पाण्याची घनता क्षारतेनुसार आणि तापमानानुसार बदलते, तिची दुरुस्ती करावी लागते. घड्याळ वर्षभरात किंचित पुढेमागे जाते, तीही दुरुस्ती लागते. आणि उपकरण वर आणेपर्यंत आत नोंद झाली की नाही हे कळत नाही. एका चमूने ठेवलेले उपकरण दुसऱ्या चमूने काढायचे असेल, तर जागेची, खोलीची, वेळेची नोंद बिनचूक असावी लागते. संस्था असण्याचा अर्थ इथे कळतो.

2001 ते 2010 : दक्षिण महासागर आणि उत्तर ध्रुव

नव्या शतकात केंद्राची दृष्टी अंटार्क्टिकाच्या भूमीपासून भोवतालच्या महासागराकडे वळली. 2004 च्या आरंभी 'सागर कन्या' या संशोधन जहाजाने दक्षिण महासागरातील पहिली पथदर्शी मोहीम पार पाडली. हिंदी महासागराचे थंड पाणी जिथे तयार होते, तिथपर्यंत भारतीय समुद्रशास्त्र पोचले. पुढे या मोहिमा नियमित झाल्या आणि अकरावी मोहीम 2020 मध्ये 'एस. ए. अगुल्हास' या दक्षिण आफ्रिकेच्या जहाजावरून गेली.

26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी हिंदी महासागराच्या सर्व किनाऱ्यांना जागे करून गेली. त्या लाटेची नोंद अंटार्क्टिकावरील जपानच्या स्योवा तळावरच्या भरतीमापकातही झाली. सुमात्रापासून हजारो किलोमीटरवर, बर्फाच्या सान्निध्यात एखादे साधे उपकरण चालू असले तर ते महासागराच्या दुसऱ्या टोकाची घटना सांगू शकते, हे सर्वांनी पाहिले. त्यानंतर आपल्या किनाऱ्यावरही समुद्रपातळीची नोंद तत्काळ मिळावी यासाठी यंत्रणा उभी राहिली. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने आणि गोव्यातील एनआयओनेही त्यात मोलाचे काम केले.

2006 मध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालय स्थापन झाले आणि केंद्र त्याच्या छत्राखाली आले. डॉ. रसिक रवींद्र यांनी त्याच सुमारास संचालकपदाची सूत्रे घेतली. ऑगस्ट 2007 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली पाच शास्त्रज्ञांचा पहिला भारतीय चमू आर्क्टिकला गेला. 1 जुलै 2008 रोजी स्वालबार्डच्या न्यू-ओलसुंड येथे 'हिमाद्री' हा तळ सुरू झाला. कधी काळी कोळशाच्या खाणी असलेले हे गाव आता अनेक देशांच्या प्रयोगशाळांचे गाव आहे.

न्यू-ओलसुंडमध्ये नॉर्वेने 1976 पासून भरतीमापक चालवला आहे. त्याच्या नोंदीत एक विलक्षण गोष्ट दिसते. जगभर समुद्र चढत असताना तिथे तो उतरताना दिसतो. कारण तिथली जमीनच दरवर्षी काही मिलिमीटर वर उचलली जात आहे. हिमयुगातील आणि अलीकडच्या काळात वितळलेल्या बर्फाचे ओझे कमी झाल्यावर जमीन सावकाश वर येते आणि किनाऱ्यावरच्या खांबाच्या दृष्टीने पाणी खाली जाते. म्हणून समुद्र मोजणाऱ्याला जमीनही मोजावी लागते. भरतीमापकाशेजारी उपग्रहाद्वारे जमिनीची उंची टिपणारे यंत्र ठेवण्याची प्रथा याच गरजेतून रूढ झाली.

याच दशकात केंद्राने देशाच्या समुद्रतळाच्या सर्वेक्षणाची मोठी जबाबदारी पेलली. भारताच्या विस्तारित भूखंडमंचाचा दावा 11 मे 2009 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे सादर झाला, त्यामागचे बरेचसे वैज्ञानिक काम केंद्रात झाले. 22 नोव्हेंबर 2010 रोजी डॉ. रवींद्र यांच्यासह आठ जणांचा चमू मैत्रीहून निघून दक्षिण ध्रुवावर पोचला. भारतीय वैज्ञानिक मोहीम ध्रुवबिंदूवर पोचण्याची ही पहिलीच वेळ होती.

2011 ते 2020 : भारती आणि इंडआर्क

18 मार्च 2012 रोजी अंटार्क्टिकातील लार्समन हिल्सवर 'भारती' तळ कार्यान्वित झाला. मालवाहू जहाजांचे 134 कंटेनर एकमेकांत बसवून ही इमारत उभारली गेली. मैत्री शेल्फच्या आत आहे, तर भारती समुद्राच्या काठावर, क्विल्टी बे आणि थाला फ्योर्ड यांच्या मधोमध आहे. त्यामुळे इथे भरती-ओहोटी रोजच्या कामात उतरली. हिवाळ्यात किनाऱ्यालगतचा समुद्र गोठतो आणि त्या बर्फावरून माल, वाहने, माणसे जातात. पण भरतीबरोबर हे बर्फ उचलले जाते आणि किनाऱ्याला लागून त्यात भेग पडते. ध्रुवीय प्रदेशात तिला 'टाइड क्रॅक' म्हणतात. ती रुंद असताना ओलांडणे धोक्याचे. कोणत्या वेळी ओलांडावे आणि कुठे फळी टाकावी, हे तळावरच्या प्रत्येकाला शिकवावे लागते. किनाऱ्याजवळच्या पाण्याची खोली मोजून नकाशे तयार करण्याच्या कामी नौदलाच्या जलसर्वेक्षकांचे साहाय्य मिळाले. खोलीचा प्रत्येक आकडा भरतीची पातळी वजा करूनच नकाशावर येतो.

23 जुलै 2014 हा केंद्राच्या इतिहासातील सोनेरी दिवस. त्या दिवशी न्यू-ओलसुंडजवळच्या काँग्सफ्योर्डमध्ये, उत्तर ध्रुवापासून सुमारे 1100 किलोमीटरवर, 192 मीटर खोलीत 'इंडआर्क' ही भारताची आर्क्टिकमधील पहिली नांगरलेली वेधशाळा बसवण्यात आली. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था, हैदराबादचे माहिती सेवा केंद्र आणि आपले केंद्र यांनी मिळून ती तयार केली. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेच्या 'लान्स' जहाजावरून ती पाण्यात उतरवली गेली.

इंडआर्कची रचना साधी पण काटेकोर आहे. तळाशी नांगर, वर तरंगता बोया आणि मध्ये ताणलेल्या दोरावर ठरावीक खोलीवर बसवलेली दहा उपकरणे. बोया पाण्याच्या पृष्ठभागाखाली राहतो, म्हणजे हिवाळ्याचे बर्फ किंवा वाहत येणारा हिमखंड त्याला लागत नाही. उपकरणे वर्षभर तापमान, क्षारता, दाब आणि प्रवाह यांची नोंद करतात. पुढच्या उन्हाळ्यात ध्वनिसंकेत पाठवला की दोर नांगरापासून सुटतो आणि सारी वेधशाळा वर येते. नोंदी उतरवून, उपकरणे तपासून ती पुन्हा पाण्यात जाते. ध्रुवीय रात्रीच्या महिन्यांत, जेव्हा जहाज तिथे पोचणे कठीण असते, तेव्हाही इंडआर्क मोजत राहते.

इंडआर्कच्या नोंदींमध्ये भरती ठळक दिसते. प्रवाह सुमारे साडेबारा तासांच्या फेऱ्यात दिशा बदलतात. मुख्य चांद्रभरतीचा आवर्तकाल 12 तास 25 मिनिटांचा आहे. साडेचौऱ्याहत्तर अंश अक्षांशावर हा काल पृथ्वीच्या परिवलनामुळे पाण्याला मिळणाऱ्या नैसर्गिक फिरकीच्या कालाशी जुळतो. त्याच्या पलीकडे, म्हणजे काँग्सफ्योर्डसारख्या 79 अंशांजवळच्या जागी, भरतीमुळे पाण्याच्या थरांमध्ये उठणाऱ्या आतल्या लाटा मोकळेपणाने दूर जाऊ शकत नाहीत. त्यांची ऊर्जा जवळपासच विरते आणि पाणी ढवळते. हे ढवळणे महत्त्वाचे आहे. अटलांटिकचे उबदार पाणी याच मार्गाने खाडीत येते आणि हिमनद्यांच्या पायथ्याशी पोचते. ते किती आले, केव्हा आले, किती ढवळले गेले, हे समजण्यासाठी आधी भरतीचा वाटा नेमका वेगळा काढावा लागतो. हवामानबदलाची सावकाश पावले भरतीच्या रोजच्या गडबडीत लपलेली असतात. भरती अचूक माहीत असेल तरच ती दिसतात.

समुद्रपातळी आकाशातूनही मोजता येऊ लागली. भारताच्या इस्रोने आणि फ्रान्सच्या अवकाश संस्थेने मिळून 25 फेब्रुवारी 2013 रोजी 'सरल' हा उपग्रह सोडला. आधीच्या काही प्रमुख उपग्रहांची नजर 66 अंशांपर्यंतच पोचत असे, सरलची कक्षा साडेएक्याऐंशी अंशांपर्यंत जात होती. तरीही बर्फाने झाकलेल्या पाण्याची पातळी उपग्रहाला सहज दिसत नाही. त्याचे आकडे पडताळण्यासाठी पाण्यातली मापके हवीतच.

हिमालय हा तिसरा ध्रुव मानून केंद्राने हिमाचल प्रदेशातील चंद्रा खोऱ्यात 2016 मध्ये 'हिमांश' हे उच्च पर्वतीय संशोधन केंद्र सुरू केले. डॉ. एस. राजन आणि त्यांच्यानंतर डॉ. एम. रविचंद्रन यांच्या कारकिर्दीत कामाचा व्याप तिन्ही दिशांना वाढला. हे सर्व नावात सामावावे म्हणून 2018 मध्ये संस्थेचे नाव राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र असे झाले.

2021 पासून : आजचे कार्य

करोना साथीच्या कठीण काळातही परंपरा खंडित झाली नाही. जानेवारी 2021 मध्ये 43 सदस्यांची चाळिसावी अंटार्क्टिक मोहीम 'वासिली गोलोव्निन' या जहाजातून गोव्याहून निघाली. बर्फावर हिवाळा काढून थकलेल्या सहकाऱ्यांना घरी आणणे आणि नव्यांना पोचवणे हे तेव्हा एरवीपेक्षा कितीतरी अवघड होते. संबंधित सर्वांनी ते निष्ठेने पार पाडले.

2022 मध्ये भारताचे आर्क्टिक धोरण जाहीर झाले आणि त्याच वर्षी संसदेने भारतीय अंटार्क्टिक अधिनियम संमत केला. संचालक डॉ. थंबन मेलोथ यांच्या मार्गदर्शनाखाली डिसेंबर 2023 मध्ये आर्क्टिकमधील पहिली हिवाळी मोहीम सुरू झाली. आता हिमाद्रीवर वर्षभर भारतीय संशोधक राहू शकतात. अंटार्क्टिक करारातील देशांची 46वी सल्लागार बैठक मे 2024 मध्ये कोचीत झाली आणि तिच्या आयोजनात केंद्राने प्रमुख भूमिका बजावली. वास्कोच्या आवारात उणे 20 अंश तापमानाच्या दालनात अंटार्क्टिकाचे बर्फाचे गाभे जपले जात आहेत, त्यांतून पूर्वीच्या हवामानाचा अभ्यास चालू आहे.

या साऱ्याचा गोव्याच्या किनाऱ्याशी काय संबंध, असे कुणी विचारेल. 1901 ते 2018 या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे 20 सेंटिमीटरनी चढली आणि अलीकडे चढण्याचा वेग वाढला आहे. हिमनद्या, ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका यांच्या वितळत्या बर्फाचा त्यातील वाटा मोठा आहे. अंटार्क्टिकाचे आइस शेल्फ खालून वितळतात ते भरतीने आत ढकललेल्या आणि ढवळलेल्या पाण्यामुळेही. शेल्फ पातळ झाले की मागचा हिमस्तर वेगाने समुद्रात उतरतो. केरीच्या किनाऱ्याची धूप, उन्मळून पडलेली सुरूची झाडे, खाजनाच्या बांधांवर येणारा ताण यांना स्थानिक कारणेही आहेतच. परंतु समुद्राची सरासरी पातळी चढली की प्रत्येक उधाणाची भरती त्या वाढलेल्या पायावर उभी राहते. ती पातळी किती चढेल, हे समजण्याचा मार्ग ध्रुवीय समुद्रातून जातो.

ऋणनिर्देश आणि आवाहन

पंचवीस वर्षांचे हे काम कुणा एकाचे नाही. संस्थापक आणि त्यानंतरचे संचालक, शास्त्रज्ञ, अभियंते, प्रशासनातील सहकारी, सैन्यदलांचे जवान, डॉक्टर, चालक, स्वयंपाकी, बंदरातील कामगार आणि वर्षभर घर सांभाळणारी सदस्यांची कुटुंबे यांच्या एकत्रित श्रमांतून हे केंद्र उभे राहिले. देशातील अनेक विद्यापीठांनी आणि संस्थांनी आपली माणसे दिली, परदेशी सहकाऱ्यांनी जहाजे आणि अनुभव दिला. या सर्वांचे केंद्र ऋणी आहे.

आता पुढच्या पिढीची पाळी आहे. मापनाच्या कामाला टाळ्या कमी मिळतात आणि त्याचे फळ मोजणाऱ्याच्या हयातीत येईलच असेही नाही. अपोलो बंदरावर पहिली नोंद करणाऱ्याला तिचे आजचे मोल कळणे शक्य नव्हते. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या किनारी शाळांनी आपल्या नदीच्या मुखाशी एक खुणांचा खांब रोवावा, विद्यार्थ्यांकडून वर्षभर त्याची वही ठेवून घ्यावी आणि ती वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या गोमंतकीय तरुण-तरुणींनी हेडलँड सड्यावर यावे, प्रयोगशाळा पाहावी आणि मोहिमेसाठी अर्ज करावा. पहिली मोहीम गोव्यातून निघाली होती. पुढच्या मोहिमांच्या यादीत गोव्याची नावे वाढावीत, ही केंद्राची अपेक्षा आहे.